तात्यांची हरकत आहे

तात्यांनी आयुष्यात वाघ पाहिलेला नाही. ताडोब्यात एकदा थोडक्यात हुकला. वाघीण पाणवठ्यावरून उठून रस्ता ओलांडत होती, जिप्सीतले सगळे माना उंचावून बघत होते आणि तात्या पाठ फिरवून मागच्या जिप्सीचा नंबर टिपत होते. ती जिप्सी नियमापेक्षा जवळ आली होती. तात्या वळले तोवर वाघीण बांबूत शिरली. काकू हे येईल त्याला सांगतात. तात्यांचं म्हणणं एवढंच, "वाघ काय, पुढच्या फेरीत दिसेल. नंबर पुन्हा मिळाला असता का?"

ठाण्यात येऊरच्या डोंगराकडे तोंड करून आमची सोसायटी आहे. बँकेतून निवृत्त झालेले तात्या तिथे 'सँक्च्युअरीवाले' म्हणून ओळखले जातात. रणथंभोरच्या फतेहसिंह राठोडांनी भरीस घातलं आणि बिट्टू सहगल यांनी १९८१ मध्ये मुंबईतून 'सँक्च्युअरी' हे मासिक काढलं. तात्या तेव्हापासूनचे वर्गणीदार. मासिक इंग्रजी, तात्या मराठी शाळेतले. सुरुवातीची वर्षं त्यांनी मांडीवर डिक्शनरी घेऊन काढली. सगळे अंक गोदरेजच्या कपाटात वर्षवार, सुतळीने बांधलेले. अंक बाहेर देत नाहीत. बसून वाचा, चहा मिळेल.

मध्यंतरी कपाटात कसर लागली. डांबरगोळ्या हे रसायन, म्हणून ते बाद. शेवटी तात्यांनी कपाटामागे पाल राहू दिली. काकू म्हणाल्या, "लोक कुत्री पाळतात, यांनी पाल पाळली." तात्यांनी दुरुस्ती केली, "पाळली नाही. अधिवास दिला."

या मासिकातून कोणी कॅमेरा उचलला, कोणी दुर्बीण. मासिकाच्याच 'किड्स फॉर टायगर्स' मोहिमेतून शाळेतली पोरं वाघासाठी मिरवणुका काढायला शिकली. तात्यांनी उचलली ती एकच गोष्ट : संबंधितांना पत्र लिहा. आधी पोस्टकार्डं, मग आंतर्देशीय, आता ईमेल. पण ईमेलचीही छापील प्रत पोस्टाने जातेच, कारण ईमेलला पोचपावती कुठली? पोचपावत्यांची फाईल वेगळी आहे आणि ती अंकांपेक्षा वरच्या खणात असते.

पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा २०१४ मध्ये निघाला, सहावा २०२४ मध्ये. हरकतींना दर वेळी साठ दिवस. तात्यांचं पत्र पहिल्या आठवड्यातच रवाना. मजकूर तोच : गाडगीळ समितीने २०११ मध्ये सगळं लिहून दिलं आहे, ते वाचावे. सहाव्या वेळी त्यांनी जुन्याच पत्राची झेरॉक्स काढली आणि तारीख तेवढी बदलली. सरकार जुनंच पुन्हा छापतं, मग मी का नवीन लिहू, हा त्यांचा सवाल.

आम्ही हसतो. पण मला विचाराल तर आपल्याकडे जंगल आधी कागदावर तुटतं, करवत मागाहून येते. आणि ज्या टेबलावर ते तुटतं तिथवर कॅमेरेवाला पोचत नाही, तात्यांचा लिफाफा पोचतो. उघडला जातो की नाही, हा भाग वेगळा.

सोसायटीबाहेरच्या गुलमोहराला मागे पालिकेची नोटीस लागली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तात्यांना तो मनातून आवडत नाही. तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा हवाला देऊन हरकत गेलीच. "आवडीनिवडीचा प्रश्न नाही," म्हणाले, "मुदतीचा आहे. सातच दिवस असतात."

मग एका रात्री बिबट्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत आला. तातडीची सभा. अध्यक्षांचा ठराव : वनखात्याने पिंजरा लावावा. तात्या खुणा घातलेले अंक घेऊन उभे राहिले. जुन्नरला बिबटे पकडून लांब सोडले, तर जिथे सोडले तिथे हल्ले वाढले. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला आहे, वगैरे. लोक चुळबुळू लागले.

"याला हलवलंत तर जागा रिकामी राहणार नाही," तात्या म्हणाले. "दुसरा येईल. तो आपल्याला ओळखत नसेल."

"म्हणजे हा ओळखतो?" सेक्रेटरी.

"तुम्ही कचरा कधी टाकता हे त्याला माहीत आहे. कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांवर तो. पिंजरा लावायचाच तर कचऱ्याला लावा."

पिंजरा आला नाही. कचरा मात्र संध्याकाळी सातच्या आत उचलला जाऊ लागला. इतक्या वर्षांत जे कोणाला जमलं नव्हतं ते बिबट्याने करून दाखवलं. तो नंतर दिसला नाही. तात्यांच्या मते तो येतो, फक्त कॅमेरा टाळतो.

या उन्हाळ्यात नळाला पाणी करंगळीएवढं येऊ लागलं, तेव्हा अध्यक्ष स्वतः तात्यांच्या दारात. "तात्या, आयुक्तांना एक पत्र टाका ना. तुमच्या पद्धतीचं."

तात्यांनी चष्मा पुसला. "पाणी कुठून येतं आपलं?"

"टाकीतून."

"टाकीच्या आधी?"

"भातसा."

"आणि भातसेत?"

अध्यक्ष गप्प. तात्यांनी कोरा कागद ओढला आणि शहापूरकडच्या जंगलापासून सुरुवात केली. पत्र चार पानांचं झालं. नळाचा विषय चौथ्या पानावर आला. अध्यक्षांनी पाहिलं, सुस्कारा टाकला आणि न वाचता सही केली.