मार्च कसा काढावा : नव्या साहेबांसाठी पहिलं पुस्तक

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही स्पर्धा परीक्षा पास झालात, गावात मिरवणूक निघाली, चौकात तुमचा फ्लेक्स लागला. मुलाखतीत 'प्रशासनात काय सुधारणा कराल?' असं विचारल्यावर तुम्ही पारदर्शकता, गतिमानता आणि लोकाभिमुखता हे तीन शब्द सांगितलेत. ते जपून ठेवा, भाषणात लागतील. कामात काय लागतं ते पुढे दिलं आहे.

मी लेखा शाखेत होतो. आमच्यात नोकरी वर्षांत मोजत नाहीत, मार्चमध्ये मोजतात. मी एकूण एकतीस मार्च काढले. हा योगायोग आहे, विनोद नाही.

साहित्य : एक शिल्लक अनुदान (रक्कम कितीही चालेल, तारीख फेब्रुवारीनंतरची हवी). तीन दरपत्रकं. एक गोल शिक्का. हिरव्या शाईचं पेन, कारण आता ते तुम्हाला शोभतं. आणि सगळी लेखाशीर्षं पाठ असलेला एक जुना लिपिक. त्याची बदली होऊ देऊ नका. दरपत्रकांबाबत एकच सूचना. तिन्ही एकाच दुकानातून मागवायची पद्धत सर्वमान्य असली, तरी तिन्हींवर 'स्टेनलेस' हा शब्द एकाच प्रकारे चुकलेला नसावा.

धडा पहिला : शिल्लक हा गुन्हा आहे

घरी आईने तांदळाच्या डब्यात पाचशेची नोट दडवली तर आपण तिला संसारी म्हणतो. कार्यालयात हेच केलं तर त्याला 'निधी व्यपगत होणं' म्हणतात आणि वरून पत्र येतं. पत्राचा सूर असा, की जणू तुम्ही पैसे खाल्ले. खाल्ले असते तर निदान खर्चात दिसले असते.

माझे एक साहेब होते. सज्जन माणूस. त्यांनी पहिल्याच वर्षी देखभाल-दुरुस्तीचे पावणेचार लाख वाचवले आणि फेब्रुवारीत रीतसर समर्पित केले. ('समर्पित' हा आमच्याकडचा खरा शब्द आहे. देवाला फूल वाहावं तसे उरलेले पैसे वित्त विभागाला वाहायचे.) पुढच्या वर्षीच्या अनुदानातून बरोबर पावणेचार लाख कापून आले. शेरा होता : मागील वर्षी खर्च झाला नाही, सबब मागणी वाढीव दिसते. जुलैत छत गळायला लागलं तेव्हा साहेब छत्री उघडून सह्या करत होते. त्यानंतर त्यांनी मार्चमध्ये एक रुपया शिल्लक ठेवला नाही. मी त्यांना दोष देत नाही. लबाड असते तर पहिल्याच वर्षी शिकले असते; प्रामाणिक होते म्हणून दोन वर्षं लागली.

नियम वेगळंच सांगतात, पण ते पाठ असावेत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या २०१७ च्या आवृत्तीत नियम ६२ आहे. वर्षअखेरीला खर्चाची घाई करणं हा वित्तीय औचित्याचा भंग, असं तो म्हणतो. दिल्लीने मर्यादाही घातली : शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के, त्याच्यावर नाही. याहून जुनं सूत्र म्हणजे, सामान्य शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जेवढी काळजी घेतो तेवढीच सरकारी पैसा खर्चताना घ्यावी. हे ज्याने लिहिलं त्याने मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवणारा मराठी बाप पाहिलेला नसावा.

हा मार्च आला कुठून असं कोणी विचारलंच, तर इंग्रजांवर ढकलावं. १८६७ पासून आपलं सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. १९८५ मध्ये एल. के. झा समितीने ते जानेवारीपासून सुरू करा असं सुचवलं. सरकारने मानलं नाही.

धडा दुसरा : काय घ्यावं

मार्चमध्ये गरजेची वस्तू घेऊ नये. गरजेच्या वस्तूला विचार लागतो, मोजमाप लागतं, चार लोकांना विचारावं लागतं. पंधरा दिवसांत जे टेम्पोतून उतरू शकतं ते घ्यावं. खुर्च्या, पंखे, छापील पुस्तिका, एकदिवसीय कार्यशाळा (जेवणासह). रक्कम ई-निविदेच्या मर्यादेवर जात असेल तर कामाचे तुकडे पाडावेत. गावातला एक रस्ता हा एक रस्ता नसतो. मारुतीचं देऊळ ते पिंपळ, पिंपळ ते पाण्याची टाकी आणि टाकी ते सरपंचांचं घर असे ते तीन रस्ते असतात. तिसरा आधी पूर्ण होतो.

आमच्याकडे एका मार्चमध्ये चाळीस स्टीलची कपाटं आली. कार्यालयात माणसं होती बावीस. कपाटं ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती व्हरांड्यात ओळीने उभी केली. लोक अर्ज घेऊन यायचे आणि कपाटांमधून वाट काढताना त्यांना वाटायचं, हीच रांग आहे. चाव्यांचा जुडगा पुरवठादाराकडे राहिला होता, आणि बिल निघाल्यावर त्याने आमचे फोन उचलणं बंद केलं. त्यामुळे चाळीसच्या चाळीस कपाटं कुलूपबंद. जूनमध्ये पाऊस आत यायला लागला. पुढच्या मार्चमध्ये व्हरांडा बंदिस्त करायचं काम निघालं, त्यावर 'अभिलेख कक्ष' अशी पाटी लागली आणि तिचं उद्घाटनही झालं. अभिलेख जमिनीवरच होते.

मी त्या खरेदीची बिलं तपासली होती. सगळी बरोबर होती. हे मुद्दाम सांगतो, कारण उधळपट्टी म्हटलं की लोकांना चोरी आठवते. चोरी पकडता येते. ही चाळीस कपाटं मात्र नियमाने आली, नियमाने नोंदली गेली आणि नियमानेच गंजली.

धडा तिसरा : सुप्रमा

नवशिक्यांना हे मुलीचं नाव वाटतं. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. लहान खर्चाला मार्च लागतो, मोठ्याला सुप्रमा.

कृती अशी : पहिलं अंदाजपत्रक 'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या' या थाटाचं असावं. मागण्या अक्षता पडल्यावर काढाव्यात. तेव्हा लग्न मोडणं कोणालाच परवडत नाही.

अभ्यासासाठी गोसीखुर्द घ्या. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरचा हा प्रकल्प. १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. किंमत पुढे १८ हजार कोटींच्या वर गेली, म्हणजे मूळच्या जवळपास पन्नास पट. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेलं पोर आता चाळिशीला टेकलंय.

कारणं विचारली तर भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन, वनजमीन, संकल्पचित्रातले बदल. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि हीच त्यांची ताकद आहे. एक कारण मात्र टिप्पणीत लिहीत नाहीत. एका धरणाला पुरेल एवढा पैसा दहा धरणांत वाटला, की दहा भूमिपूजनं होतात, दहा मतदारसंघ खूश होतात, आणि दहाही कामं अर्धी राहून दरवर्षी महाग होत जातात. अर्धवट धरणाइतकं भूक लागणारं दुसरं जनावर नाही. कालवा शेतापर्यंत पोचेपर्यंत त्याला फक्त खायला घालायचं असतं, दूध नंतर.

धडा चौथा : आकडा

२०१२ मध्ये राज्याच्याच आर्थिक पाहणीतून निघालं, की दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं. तेवढ्या काळात सत्तर हजार कोटी गेले अशी बेरीज विरोधकांनी केली आणि महाराष्ट्र पेटला. नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, पाठोपाठ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक. पुढच्या अनेक आर्थिक पाहण्यांत मात्र सिंचनाच्या टक्केवारीच्या जागी 'उपलब्ध नाही' एवढंच छापलेलं असे. विद्यार्थ्यांनी इथे थांबून मनन करावं. एवढी स्वस्त सुधारणा माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

धडा पाचवा : सुधारणा करावी लागलीच तर

ओरड फार झाली की समिती नेमावी. ओरड त्याहून मोठी असेल तर आयोग. देशाचा पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग जानेवारी १९६६ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष मोरारजी देसाई. ते पुढच्याच वर्षी उपपंतप्रधान झाले आणि खुर्ची के. हनुमंतय्या यांच्याकडे गेली. आयोगाने २० अहवाल दिले, शिफारशी ५३७. लोकपाल नेमा, ही त्यांतली अगदी सुरुवातीची एक शिफारस. कायदा झाला २०१३ मध्ये आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. महिना कोणता ते लक्षात घ्या. दरम्यान २००५ मध्ये वीरप्पा मोइलींच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग येऊन पंधरा अहवाल देऊन गेला. सुधारणेचा आयोग हीच ज्या देशात जुनी संस्था होते तिथे घाई करायची नसते.

थोडं न्यायानेही बोलू. सरकारला काही बंदच करता येत नाही, हे खरं नाही. तार बंद झाली, जुलै २०१३. केंद्रासाठी खरेदी करणारं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय, इंग्रजांच्या वेळचं, ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद केलं आणि खरेदी 'जेम' या सरकारी ऑनलाइन बाजारावर गेली. तिथे आता तीन दरपत्रकं गोळा करत फिरावं लागत नाही. वस्तूचं वर्णनच असं लिहायचं की ती एकाच पुरवठादाराकडे मिळावी. जुना लिपिक यात तरबेज असतो.

काटकसरीचं परिपत्रक आलं तर घाबरू नका. ४ मे २०२० ला कोविडच्या तडाख्यात राज्याच्या वित्त विभागाने निर्णय काढला : खर्च ३३ टक्क्यांवर, नवी भरती बंद. ते दिवसच तसे होते, त्यावर हसणार नाही. पण एक सवय त्यातही दिसते. काटकसरीचा पहिला वार माणसांवर पडतो, कारण रिकामं पद भांडत नाही. एका तलाठ्याकडे तीन सजे, एका नर्सकडे दोन उपकेंद्रं, आणि 'सरकारी नोकर फार झाले' म्हणणारे तुमचे काका सातबाऱ्यासाठी त्याच तलाठ्याची वाट बघत बसलेले. माणूस कापला की पगार वाचतो. कपाट कापून वाचवता येत नाही, ते आधीच आलेलं असतं.

धडा सहावा : लेखापरीक्षण

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली. बिदरच्या दरबारातून वसुली निघाली, तेव्हा विठोबाने वेष पालटून जाऊन रक्कम भरली आणि पावती घेतली, अशी कथा आहे. देव झाला तरी पावती घेतली, हे आमच्या शाखेत प्रत्येक नवीन माणसाला सांगतात. आपल्यासाठी विठोबा येत नाही, म्हणून 'अनुपालन अहवाल' नावाची सोय आहे. आक्षेप आला की लिहायचं : नोंद घेतली, यापुढे दक्षता घेण्यात येईल. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की नातवाच्या प्रगतिपुस्तकावरही तेच लिहून सही केली.

कॅगचा अहवाल विधिमंडळात बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडला जातो. मग तो लोकलेखा समितीकडे जातो. समिती तुम्हाला बोलावील तोवर तुमची बदली झालेली असेल आणि उत्तर द्यायला तुमच्या जागी आलेला मुलगा उभा असेल. त्याला हे पुस्तक द्या.

सावधान

काही गोष्टींपासून दूर राहावं. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची मांडणी, दप्तर आणि कामाची वाटणी अशी लावली, की 'लखीना पॅटर्न' हा शब्दच रूढ झाला. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत तुम्हालाही प्रशिक्षणात शिकवतील : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. राज्याचा २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा तर म्हणतो, की कामाच्या सात दिवसांहून जास्त कोणतीही फाइल एका टेबलावर थांबू नये. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. पैसे लागत नाहीत म्हणजे लेखाशीर्ष नाही, आणि लेखाशीर्ष नाही म्हणजे मार्चमध्ये तुमच्याकडे दाखवायला काही नाही. गठ्ठे बांधायची सुतळी तेवढी घेता येईल.

स्वतःविषयी थोडं सांगून संपवतो. मास्तरांनी शाळेत अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून घातली, त्यात मीही होतो. म्हणून ३१ मेला निवृत्त झालो. पेन्शनची फाइल ना-देय प्रमाणपत्रासाठी अडली. डेडस्टॉक रजिस्टरात माझ्या सहीने नोंदलेली चाळीस कपाटं, आणि प्रत्यक्ष मोजणीत एकोणचाळीस. दोन महिने शोधाशोध झाली. शेवटी ते सापडलं आवाराबाहेरच्या चहावाल्याकडे. त्याने पेचकसाने कुलूप उचकटलं होतं. आत साखर, चहापत्ती, कप, बिस्किटांचे पुडे आणि उधारीची वही, सगळं नीट लावलेलं होतं. चाळीसांपैकी वापरात असलेलं ते एकच.