आठ नंबरचं वजन

माझा मेहुणा आपल्या गोल्फच्या काठ्यांची किंमत कोणाला सांगत नाही. पावती तेवढी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवतो. सात आयर्नना चौदाशे डॉलर, आणि पपनसाएवढ्या डोक्याच्या ड्रायव्हरला सहाशे वेगळे. दिवाळीच्या फराळाला गेलो असताना चिवडा खात खात मी ती वाचली आणि मनातल्या मनात रुपये केले. न्यू जर्सीत सव्वीस वर्षं काढली तरी रुपये करायची खोड जात नाही. आलो तेव्हा त्रेचाळीसने गुणायचो, तोंडी जमायचं. आता फोन काढावा लागतो.

"काही म्हणा जिजाजी, चांगल्या काठीने खेळ सुधारतो," तो म्हणाला. हे त्याने माझ्या काठ्यांकडे पाहून म्हटलं की माझ्या खेळाकडे, हे कळायला मार्ग नव्हता. माझ्या काठ्या एका गराज सेलमधून चाळीस डॉलरला उचललेल्या. सोबत पिशवी फुकट मिळाली होती, आणि पिशवीच्या तळाशी मूळ मालकाची रक्तदाबाची गोळी.

गोल्फ मी धरला तोच पन्नाशीला. ऑफिसातली वरची मंडळी शुक्रवारी दुपारनंतर कुठे नाहीशी होतात याचा छडा लावता लावता मी ईस्ट ब्रन्सविकच्या टॅमरॅकवर जाऊन पोचलो. काउंटीचं मैदान, ३६ होल, आणि रहिवाशांना सवलत. सवलत म्हटलं की विलेपार्ल्याचा माणूस विरघळतो. खेळ मात्र काही केल्या येईना. बहात्तर फटक्यांत संपवायचं ते मी एकशे अठरात संपवायचो, तेही झाडीत गेलेले चेंडू न मोजता. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आली. तिच्यात जास्तीत जास्त सूट ५४ फटक्यांची. हा आकडा ठरवणाऱ्यांनी मला कुठून तरी पाहिलं असणार.

अशात मला कळलं की दुकानाची पायरी न चढता काठ्या थेट घरी धाडणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. इलिनॉयमधल्या सिकमोर गावची सब ७०, फिनलंडची टाकोमो, आणखीही बऱ्याच. (मी घेतल्या त्या या दोघांपैकी कोणाच्याही नव्हेत. पुढे थोडी कुरकुर आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच. टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाडूला आम्ही पैसे मोजत नाही, दुकानदाराला नफा सोडत नाही, म्हणून निम्म्या भावात. यात तथ्यही आहे. काठ्यांची डोकी मोठ्या नावांचीसुद्धा बहुतेक चीन नाहीतर तैवानमध्येच होतात. दांडे आणि मुठी बनवणारे तर मोजकेच. सगळे त्यांच्याकडूनच घेतात.

पुरावा म्हणाल तर कॉस्टको आहेच. ज्या कर्कलंडचे बदाम आम्ही दर खेपेला बॅगेत कोंबून मुंबईला नेतो, त्याच कर्कलंडच्या शिक्क्याचे गोल्फचे चेंडू कॉस्टकोने २०१६ साली तीस डॉलरला दोन डझन काढले. टायटलिस्टचे अव्वल चेंडू त्या पैशांत आठही येत नव्हते. लोकांनी मारून पाहिले, फरक फारसा जाणवेना, आणि माल बघता बघता संपला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि मग आपसात मिटलं. बदामांच्या बाबतीत असं काही झाल्याचं ऐकिवात नाही.

मी सहा आयर्न मागवायचं ठरवलं. दुकान नाही म्हणजे माप घ्यायला माणूस नाही, त्याऐवजी फॉर्म. उंची, हातमोज्याचं माप, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर. हे शेवटचं बायकोने शिवणाच्या टेपने घेतलं. "अहो, पोट आत कशाला ओढताय? मनगट मोजतेय मी." मग प्रश्न आला की ड्रायव्हर तुम्ही ताशी किती मैल वेगाने फिरवता? हे मी कधी मोजलं नव्हतं. पण पुरुषाने आपला वेग मोजून थोडाच सांगायचा असतो? अठ्ठ्याण्णव लिहिलं. शंभर लिहिणार होतो, पण सभ्यता आडवी आली. त्याखाली, उतरत्या वेगाप्रमाणे, दांड्याचे तीन प्रकार होते: स्टिफ, रेग्युलर, सीनियर. सीनियरकडे मी नजरसुद्धा वळवली नाही. स्टिफवर खूण केली. दुकानात उभा असतो तर तिथल्या माणसाने नुसतं "एक मारून दाखवा बरं" म्हटलं असतं आणि अठ्ठ्याण्णव जागच्या जागी उघडं पडलं असतं. शिंप्यापुढे कमरेचं माप खोटं सांगता येत नाही. फॉर्मपुढे येतं.

खोकं आलं तेव्हा आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती. निम्म्या भावाची आणि मधल्या माणसाला वगळण्याची कहाणी मी तिला उत्साहाने सांगितली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "अरे, मग ही पंचायतच की."

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची. आमच्या इमारतीतल्या कुटुंबांचा तिच्यात एक संघ होता. महिन्याच्या सामानाची यादी एकत्र जायची, पंचायत घाऊक खरेदी करायची, आणि सगळ्यांचं सामान एका घरी येऊन पडायचं. ज्या महिन्यात ते आमच्याकडे पडे, त्या रविवारी आम्हाला जेवायलाही जागा नसे. दिवाणाखाली गूळ, दिवाणावर तूरडाळ, आणि मधोमध पदर खोचून, हातात वही घेतलेली आई. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे वही आपोआप तिच्याकडे आली होती. शेंगदाणे निवडून बघायचे, तेलाचा डबा गळतोय का पाहायचं, वजन पडताळायचं, कमी भरलं तर लिहून कळवायचं. स्वस्त पडायचंच, पण वाण्याचं काम सगळं बायकांनी वाटून घेतलेलं असायचं. मी तेव्हा आठ वर्षांचा. त्या सगळ्यातलं मला आठवतं ते एवढंच की खारका मोजताना दोन मला मिळत.

"उघडलंस, पण तपासलंस का?" आईने विचारलं.

"काय तपासायचं? चांगल्या दिसतायत."

"दिसायला रेशनचे तांदूळही चांगले दिसतात. वाणी तू काढून टाकलास ना? आता वाणी तूच."

तिने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला, त्यावर वाटी पालथी घातली आणि एकेक काठी आडवी तोलून धरत ठेवली. वहीत ओळी पडू लागल्या. पाच नंबर, सहा नंबर, सात. तिसऱ्या ओळीला तिच्या कपाळावर आठी आली. "लांब काठी हलकी आणि आखूड काठी जड? हे उलटं कसं?" ते उलटं नसतं. आखूड काठीचं डोकं मुद्दाम जड करतात, साधारण सात ग्रॅमच्या पायरीने, म्हणजे फिरवताना सगळ्या हाताला सारख्याच वाटतात. हे मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं, पण मी ते जन्मजात ज्ञानासारखं सांगितलं. आई खूश झाली. श्रेढी दिसली की तिला बरं वाटतं.

"मग हा आठ नंबर का चुकला?"

सात नंबर भरला ४२१ ग्रॅम. आठ नंबर ४१७. नऊ पुन्हा ४३३. तिने आठ तीनदा ठेवला, वाटी बदलून ठेवला, काटा ओट्यावरून जमिनीवर नेला. ४१७. "कळव त्यांना," म्हणाली. चौदाशे डॉलरच्या काठ्या मेहुण्याने अशा कधी तोलल्या होत्या का? त्याला विचारलं तर तो इतका हसला की मला उत्तर मिळालं.

कंपनीला पत्र धाडलं. तासाभरात यंत्राचं उत्तर आलं की तुमचं समाधान हेच आमचं ध्येय, कृपया दोषाचा फोटो पाठवा. वजनाचा फोटो कसा काढणार? दुकानदार असता तर जाऊन काठी काउंटरवर आपटली असती, चार शब्द ऐकवले असते, त्यानेही दोन ऐकवले असते, आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. निम्म्या भावात काय काय वगळलेलं असतं ते अशा वेळी समजतं. शेवटी आईने काटा, वाटी, काठी आणि वही असं चौघांचं एकत्र छायाचित्र काढायला लावलं.

उत्तराची वाट पाहतानाच मेहुण्याने आव्हान दिलं. त्याचा सात नंबर आणि माझा सात नंबर, समोरासमोर, तासावर भाड्याने मिळणाऱ्या सिम्युलेटरवर. पडद्यावर मैदान दिसतं, चेंडू खरा असतो, आणि रडार तो कुठे गेला असता ते सांगतं. दोन्ही काठ्यांची नावं झाकायला मी इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी गुंडाळली. आई वही घेऊन खुर्चीवर बसली. मारायचं मी एकट्याने, कारण काठ्या माझ्यासारख्यांसाठी तपासायच्या होत्या. मेहुणा माझ्यासारखा नाही, हे त्यानेच सुचवलं.

दहा त्याच्या काठीने, दहा माझ्या. निकाल असा: माझ्या सात नंबरची सरासरी ११८ यार्ड, त्याच्या सात नंबरची १३०. मेहुण्याने काही म्हटलं नाही. नुसता पाण्याची बाटली उघडून प्यायला, आणि ते जास्त लागलं.

"दोन्हींवर सातच लिहिलंय ना?" आई म्हणाली. "मग कोन किती किती?"

कोन दोन्ही कंपन्यांनी छापलेले असतात. मी फोनवर काढले. माझ्या सात नंबरच्या पात्याचा कोन ३४ अंश, त्याच्या २८. कोन कमी तितका चेंडू कमी उडतो आणि लांब जातो. माझ्या वडिलांच्या पिढीतला सात नंबर पस्तिशीच्या आसपासचा असे. कंपन्या दर काही वर्षांनी तो एकेक अंशाने उभा करत गेल्या आणि वर नंबर तोच ठेवला, म्हणजे घेणाऱ्याला वाटावं की नव्या काठीने आपण लांब मारू लागलो. आताचे दहावीचे पंच्याण्णव टक्के आणि आमच्या वेळचे अठ्ठ्याहत्तर यांच्यासारखंच हे. कोणी नापासच होत नाही.

"म्हणजे तुमच्याकडे पाच नंबरच आहे," आई मेहुण्याला अगदी प्रेमाने म्हणाली. "वर सात घातलंय."

मी विजयी मुद्रेने हात वर करणार, तोच तिने पान उलटलं. "तुझंही वाचते. एकाच काठीचे दहा फटके. सगळ्यांत लांब १४१, सगळ्यांत आखूड ७८. काठ्याकाठ्यांतला फरक बारा. तुझा तुझ्याशी फरक त्रेसष्ट."

त्यानंतर मेहुण्याने पुन्हा पाणी प्यायलं. जाता जाता त्याने मला ड्रायव्हरही मारायला लावला, आणि रडारने वेग दाखवला ७९. स्टिफ दांड्याची फर्माईश कुठून आली हे घरी कोणी विचारलं नाही, पण जेवताना बायकोने ताक वाढलं तेव्हा "सीनियरसाठी पातळ करू का?" एवढं म्हणाली.

पुढच्या शनिवारी आईला घेऊन लिबर्टी कॉर्नरला गेलो. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचं, यूएसजीएचं, मुख्यालय आमच्या घरापासून फार लांब नाही आणि तिथे संग्रहालय आहे. गोल्फमध्ये आईला रस नव्हता. चंद्रावर गेलेली काठी बघायची होती. अपोलो १४ चा ॲलन शेपर्ड ६ फेब्रुवारी १९७१ रोजी चंद्रावर गोल्फ खेळला. त्याची काठी म्हणजे चंद्रावरची माती उचलायच्या अवजाराचा दांडा आणि त्यावर बसवलेलं सहा नंबरच्या आयर्नचं डोकं. ते डोकं त्याने मोज्यात घालून नेलं होतं. अंतराळवेष इतका जाड की दोन्ही हातांनी धरताच येईना, म्हणून एका हाताने मारली. चेंडू मैलोगणती गेला असं तो तेव्हा म्हणाला; ५० वर्षांनी छायाचित्रांवरून मोजलं तर ४० यार्ड भरले. माझ्या मनात त्याच्याविषयी एकदम आपुलकी दाटून आली.

ते डोकं ह्यूस्टनच्या एका गोल्फ प्रशिक्षकाकडून दांड्यावर बसेल असं करून घेतलेलं होतं, हे मी आईला सांगितलं.

"बघ," आई काचेवर बोट ठेवत म्हणाली, "चंद्रावर जायचं तरी हा कारागिराकडे गेला. आणि तू फॉर्म भरलास."

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं, या वेळी माणसाचं. मनापासून क्षमा मागितली होती. नवा आठ नंबर पाठवत आहोत. जुना परत पाठवण्याची तसदी घेऊ नये. चौकशीही होती: तुमच्याकडे वजन तपासणाऱ्या बाई कोण? नवा आला. आईने ठेवला काट्यावर. ४२७. वहीत बरोबरची खूण झाली.

सेट आता वर्षभराचा झाला. निकाल विचाराल तर काठ्या चांगल्या आहेत. घ्या खुशाल, पण फॉर्म भरताना बायकोला शेजारी बसवा आणि वेग तिला लिहू द्या. माझे स्टिफ दांडे मी एका कारागिराकडून बदलून घेतले, त्याचे एकशे ऐंशी डॉलर पडले, आणि ते धरूनही मेहुण्याच्या निम्म्याच्या आत आहे. टॅमरॅकवर मागच्या रविवारी ११३ झाले.

जुना आठ नंबर आई परत जाताना बॅगेत घालून घेऊन गेली. तो सध्या विलेपार्ल्याला आहे. गॅलरीतल्या वरच्या दांडीवर ओल्या चादरी चढवायला तिला असंच काहीतरी हवं होतं. पूर्वीची बांबूची काठी हाताला जड व्हायची. ही ४१७ ग्रॅमची अगदी बरोबर आहे म्हणते.