फिशकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत माणूस आजारी पडला तर त्याला कोणत्या डॉक्टरकडे न्यावं यावर निदान चार मतं पडतात. मासा आजारी पडला तर मात्र एकमत असतं: फिशकाकांना बोलवा. खरं तर बोलवावं लागतच नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा गोल्डफिश तिरका पोहायला लागला, की ती बातमी लिफ्ट बंद असली तरी पाचव्या मजल्यावर पोचते आणि काका रेक्झिनची बॅग घेऊन जिना उतरायला लागतात.

काका बँकेतून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं कर्जवसुलीत होते, आणि खुर्ची सुटली तरी तो सूर सुटलेला नाही. इतर वैद्य रोग्याची नाडी बघतात. हे आधी मालकाची जबानी घेतात.

"टँक कधी आणला?"

"रविवारी."

"आणि मासे?"

"रविवारीच. कुर्ल्याच्या बाजारातून."

"किती?"

"बारा. म्हणजे... आता नऊ."

"फिल्टरचा स्पंज धुतलास?"

"हो काका, रोज! नळाखाली धरून, अगदी स्वच्छ."

या उत्तरावर काका चष्मा काढून खिशात ठेवतात. समोरच्यानं हप्ते थकवलेत आणि वर घरात नवा टीव्ही घेतलाय हे कळल्यावर ते असेच बघत असावेत. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो पचवणारे जिवाणू त्या बुळबुळीत स्पंजातच वस्तीला येतात आणि त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना मारतं. म्हणजे ज्या घरात स्वच्छता जास्त, त्या घरात मासे आधी मरतात. हे सत्य काका ज्या आवाजात सांगतात, त्यानंतर त्या घरातली बाई आठवडाभर कुणाच्याही नजरेला नजर देत नाही. मग काचेच्या नळीत टँकचं पाणी घेऊन काका थेंब टाकतात. पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं की ते नळी मालकाच्या नाकापुढे धरून फक्त "हं" म्हणतात. नोकरीची शेवटची वर्षं लोकांना नोटिसा पाठवण्यात गेल्यामुळे कागदावाचून नोटीस बजावण्याची कला त्यांना साधली आहे.

बॅगेत श्रीखंडाच्या डब्यात जाडं मीठ, थर्मामीटर, सुई नसलेल्या सिरिंजा आणि मिथिलीन ब्लूची बाटली असते. या निळ्या औषधानं काकूंच्या संसारात एकही पांढरा टॉवेल ठेवलेला नाही. गेल्या निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या बाईंनी शाई लावायला काकांचा हात पुढे घेतला आणि तशाच थांबल्या. दहाही बोटांनी मतदान केलेलं दिसत होतं.

काकांचा सगळ्यात आवडता रोगी म्हणजे उलटा तरंगणारा गोल्डफिश. पोट वर, डोळे उघडे, चेहऱ्यावर थोडा संकोच. घरचे रडवेले झालेले असतात आणि काका खुशीत येतात, कारण हा रोग बहुधा खाण्याचा असतो. "वहिनी, याला जठर नसतं," असं ते जाहीर करतात. ते खरंही आहे. गोल्डफिशला जठर नाही, त्यामुळे पोट भरलं म्हणून थांबणं त्याला फारसं माहीत नाही, आणि काचेजवळ कुणीही आलं की तो तोंड उघडून उपाशी असल्याचा आव आणतो. घरातलं प्रत्येक माणूस त्याला आपापल्या वेळी चिमूटभर घालतं. मग आतडी फुगतात, वाताशयावर दाब येतो आणि मासा उलटा होतो. उपाय असा: दोन-तीन दिवस कडक उपास, नंतर उकडून साल काढलेला मटाराचा दाणा, कुस्करून. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हे ऐकून जिऱ्याची फोडणी चालेल का असं विचारलं होतं. काका म्हणाले, "आजी, त्याला फक्त मटार द्या. उसळ तुम्ही खा."

उपासाचा सल्ला पाळला जाणं मात्र कठीण. औषध द्या म्हटलं तर लोक मध्यरात्री उठून देतील. काही देऊ नका म्हटलं की त्यांचा जीव कासावीस होतो. म्हणून काका जाताना खाद्याची डबीच खिशात घालून नेतात. त्यांच्या शोकेसमध्ये अशा जप्त डब्यांची एक रांग आहे. प्रत्येकीवर फ्लॅट नंबर.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात त्यांचं आणि लोकांचं याहून जास्त बिनसतं. मासा अंगावर रवा सांडल्यासारखा दिसतो. तो परजीवी कातडीखाली बसलेला असतो, तिथे औषध पोचत नाही; तो सुटून पाण्यात आला की तेवढ्या काळात मारायचा. म्हणून पाणी थोडं गरम ठेवून त्याला लवकर बाहेर काढायचं, आणि ठिपके गेले तरी औषध चालू ठेवायचं. लोक ठिपके गेले की औषध थांबवतात. पुन्हा ठिपके येतात. पुन्हा काका येतात. त्या वेळी घरात कुणी हसू नये.

जखमी माशाला मलमपट्टी करण्याआधी त्यांना गुन्हेगार हवा असतो. बी विंगमध्ये एंजलचे लांबलचक पर कुरतडून निघाले होते आणि टँकमध्ये दोन टायगर बार्ब साळसूदपणे फिरत होते. मालकाला वाटलं, दोघांना हाकला म्हणतील. काकांनी एंजलला दुसऱ्या टँकमध्ये मीठ घातलेल्या पाण्यात निजवलं आणि बार्ब आणखी सहा आणायला सांगितले. टोळीत असले की ते आपसांत भांडतात आणि दुसऱ्यांच्या वाटेला कमी जातात. आमच्या सोसायटीच्या कमिटीत इतके सभासद का, हे मला त्या दिवशी कळलं.

काकांचा खरा राग वास्तूवर आहे. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवायचे. काळा मेला की घरावरचं गंडांतर त्यानं स्वतःवर घेतलं म्हणून समाधान मानायचं आणि नवा काळा आणायचा. एका गृहस्थांनी हे काकांना हात जोडून सांगितलं. काका म्हणाले, "गंडांतर त्यानं घेतलं नाही. त्याला ते होतं. तुम्ही." त्या घराशी काही महिने बोलणं बंद होतं.

त्यांच्या पाकिटात नातवाच्या फोटोशेजारी जॉर्जच्या बातमीचं कात्रण आहे. मेलबर्नमध्ये 2014 साली या गोल्डफिशच्या डोक्यावरची गाठ शस्त्रक्रियेनं काढली. तीन बादल्या मांडल्या: एकीत गुंगीचं पाणी, दुसरीत गुंगी टिकवणारं, तिसरीत स्वच्छ. "तीन बादल्यांत ऑपरेशन थिएटर!" असं म्हणताना काकांचा आवाज भरून येतो. मासा तीन-चार महिन्यांसाठीच असतो असं कुणी म्हणालं, तर त्याला टिशची गोष्ट ऐकावी लागते. यॉर्कशायरमधला हा गोल्डफिश 1956 साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला आणि 1999 साली गेला. त्रेचाळीस वर्षं. "आमच्या ब्रँचमध्ये एवढी सर्व्हिस कुणाची झाली नाही," काका म्हणतात.

एकच गोष्ट ते रागावून करत नाहीत. पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर मूत्रपिंडं बहुधा गेलेली असतात आणि मीठ-मटाराचा उपयोग नसतो. अशा घरात काका जबानी घेत नाहीत. खुर्ची ओढून बसतात आणि चहा मागतात. फिशकाकांनी चहा मागितला याचा अर्थ आता सगळ्या सोसायटीला माहीत आहे; लहान मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. मग बॅगेच्या आतल्या कप्प्यातून लवंग तेलाची बाटली निघते. थोड्या तेलानं मासा गुंगतो, जास्तीनं जागा होत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला वाटतं काकांची दाढ फार दुखते. त्यानं एका दंतवैद्याचं कार्डही देऊन ठेवलं आहे. काकांनी ते घेतलं, खरं काय ते सांगितलं नाही.

फी काही नाही. आभार मानलेले चालत नाहीत, कारण आभार मानणारा मालक गाफील होतो असा त्यांचा अनुभव. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतः जिना चढून गेल्या. गोल्डफिश सुलटा झाला होता आणि हातात पेढ्यांचा बॉक्स होता. काकांनी बॉक्स उघडून पेढे मोजले आणि विचारलं, "आजी, हा एक कमी आहे. टँकमध्ये नाही ना टाकलात?"