काय सोडलंस?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उजाडला की ‘जेवलास का?’ हा आमचा पिढीजात प्रश्न रजेवर जातो आणि त्याच्या जागी ‘काय सोडलंस?’ हा प्रश्न कामावर रुजू होतो. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेने जाताना शेजारचे काका विचारतात, रिक्षात बसताना रिक्षावाला विचारतो, भाजीवाली जुडी पिशवीत टाकता टाकता विचारते. उत्तर द्यावंच लागतं. ‘अजून ठरवलं नाही’ असं म्हणालात, तर दुपारपर्यंत ही बातमी तुमच्या आईकडे पोहोचते. आणि ती तुमच्या वतीने काहीतरी सोडून मोकळी होते.

आता त्या दिवशी मिस्सेत जे शुभवर्तमान वाचलं जातं, ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. त्यात येशू अगदी निक्षून सांगतो की उपवास करायचा तर गुपचूप करा, तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बाहेर पडा, कोणाला पत्ता लागता कामा नये. हे आम्ही मान खाली घालून ऐकतो. मग लगेच रांगेत उभे राहतो आणि फादर आमच्या कपाळावर राखेचा असा ठसठशीत क्रूस काढतात की तो विरार लोकलच्या चौथ्या सीटवर टेकलेल्यालाही दिसावा.

सहाच्या मिस्सेवरून थेट स्टेशन गाठणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. डब्यात तीन प्रकारचे लोक भेटतात. पहिला हळूच रुमाल पुढे करतो आणि ‘कपाळाला काहीतरी लागलंय’ म्हणतो. दुसरा हात जोडून, ‘अंगारा कुठल्या महाराजांचा?’ असं विचारतो आणि आपल्याकडेही थोडी पुडी असेल या आशेने बघतो. तिसरा मात्र आपल्याच बाजूचा, वर्षानुवर्षं बरोबर प्रवास केलेला. तो काही विचारत नाही. ‘म्हणजे आता शुक्रवारी तुमच्या डब्यात मासे,’ एवढं म्हणतो आणि पेपर उघडतो. २०२१ साली करोनामुळे व्हॅटिकनने सूचना काढली होती की राख कपाळाला न लावता स्पर्श टाळून डोक्यावर वरूनच टाकावी. तेवढ्या वर्षी मत्तयचं म्हणणं बऱ्यापैकी पाळलं गेलं. अपवाद टक्कल पडलेल्यांचा.

ही राख येते कुठून, तर गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांतून. त्या वर्षभर घरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचलेल्या असतात. बुधवारच्या आधी फादर घोषणा करतात की जुन्या झावळ्या आणून द्या. मग घरोघरी तसबिरी भिंतीवरून उतरतात आणि त्यांच्यामागून झावळ्यांबरोबर विजेची बिलं, हरवलेली किल्ली, कोणाच्यातरी लग्नाची पत्रिका आणि वेळेअभावी स्थलांतर न केलेली पाल असा ऐवज बाहेर पडतो. झावळ्या जाळायचं काम वेदीसेवक मुलांकडे असतं. एरवी मिस्सेला मेणबत्ती पेटवायची तरी कोणाची पाळी यावरून कुरबुर करणारी ही पोरं त्या दिवशी बोलावल्यापेक्षा दुप्पट हजर असतात. आग लावायची अधिकृत परवानगी वर्षातून एकदाच मिळते.

आणि राख लावताना माणसाला आठवण करून दिली जाते की तो मातीचा आहे आणि परत मातीतच जायचा आहे. जगात इतरत्र हे ऐकून लोक अंतर्मुख होत असतील. वसईच्या माणसाला तू माती आहेस असं सांगितलं की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : हरित पट्ट्यातली की एन. ए. झालेली? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी लढा दिला तेव्हापासून माती हा आमच्याकडे अध्यात्माइतकाच सातबाराचा विषय आहे. दिब्रिटोंना दोन्ही कळायचं, म्हणून लोक त्यांचं ऐकायचे.

उपवासकाळ चाळीस दिवसांचा, असं सगळे म्हणतात. कॅलेंडर घेऊन बसलात तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात शेहेचाळीस. कारण मधले सहा रविवार उपवासाच्या हिशेबात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. आमच्या शेजारचे काका दरवर्षी या काळात दारू सोडतात आणि ही सहा दिवसांची सवलत त्यांना धर्मशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त बारकाईने माहीत आहे. त्यांचा युक्तिवाद असा : शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते की नाही? चालते. म्हणजे चर्चच्या हिशेबाने रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो. मग चर्च ज्याला रविवार म्हणतं, त्याला आपण शनिवार म्हणणारे कोण? हा युक्तिवाद त्यांनी एकदा फादरांपुढे मांडला. फादरांनी बराच वेळ विचार केला आणि ‘काका, तुम्ही शनिवारी मिस्सेला याल का?’ असं विचारलं. तेव्हापासून काका शनिवारच्या मिस्सेला नेमाने येतात. पहिल्या बाकावर. घड्याळ बघत.

नियमांचं ज्ञान या दिवसांत एकूणच वाढतं. उपवास अठरा पूर्ण झालेल्यांना, तोही एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. मांस वर्ज्य चौदा पूर्ण झाल्यापासून. हे नियम वर्षभर कोणाला ठाऊक नसतात. पण राखेच्या बुधवारी सकाळी सतरा वर्षांचा मुलगा कॅनन लॉ तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि भरल्या ताटावर बसतो. दुसऱ्या टोकाला, केसांना कलप लावून वय चोरणारे गृहस्थ त्या दिवशी आधार कार्ड दाखवायला तयार असतात. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद केली. चर्चने अजून ठेवली आहे. शिवाय कधीकधी पंचांगही मदतीला येतं. १९ मार्चला संत जोसेफचा मोठा सण असतो, आणि असा सण शुक्रवारी आला तर मांस न खाण्याचा नियम त्या दिवसापुरता उठतो. २०२१ साली तसा तो आला होता. ही गोष्ट आमच्या गायनमंडळातल्या एका बासवाल्याने आधीच हेरून ठेवली होती आणि ती त्याने कोणालाही सांगितली नाही. नाहीतर मटणाच्या दुकानात रांग लागली असती. उलट २०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला पडला. तरुण मंडळींनी फार रदबदली केली. एकच पूर्ण जेवण घ्यायचं तर ते हॉटेलात घेतलं तर काय बिघडतं, वगैरे. फादर म्हणाले, काही बिघडत नाही, पण कपाळावरची राख पुसून जायचं नाही. पुढचा असा योग २०२९ चा आहे. इच्छुकांनी आत्तापासून वाटाघाटी सुरू कराव्यात.

शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांसमोर मासा म्हणजे गरिबाचं अन्न असणार. वसईत त्यांना कोणी फिरवलं नसावं. चिकन सोडून मी देहदंड करतोय, असं म्हणत आमच्याकडे माणूस पापलेट घेऊन घरी येतो. पाचूबंदरच्या कोळणी बऱ्याचशा स्वतःच ख्रिस्ती, त्यामुळे त्यांना उपवासकाळाचं पंचांग शिकवावं लागत नाही. शुक्रवारी भाव कमी करायला सांगितलं तर ‘सोडायचं तर पैसे सोड ना!’ असं वर प्रवचनही मिळतं. त्यातच कॅरिटास इंडियाची भूकविरोधी मोहीम याच काळात असते, आणि मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात पुठ्ठ्याचे खोके मिळतात. जे सोडलं त्याचे वाचलेले पैसे त्यात टाकायचे. माझ्या पुतणीने पहिल्याच शुक्रवारी वही काढून हिशेब मांडला. चिकनचे इतके वाचले, पापलेटला इतके गेले. वजाबाकी केल्यावर खोक्याकडूनच आपल्याला येणं निघालं. तिने ते प्रामाणिकपणे मागितलं. पुढच्या शुक्रवारपासून घरात मुगाची आमटी शिजायला लागली.

पण माणसं काय वाटेल ते सोडतील, सभा सोडणार नाहीत. उपवासकाळाच्या तयारीची पॅरिश कौन्सिलची सभा हे आमच्या धर्मग्रामाचं खरं प्रायश्चित्त. पवित्र आत्म्याला आवाहन करून ती सुरू होते आणि तो येऊन, थोडा वेळ थांबून, कंटाळून गेला तरी चालू राहते. मुख्य विषय असतो क्रुसाच्या वाटेचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या एकेका स्थानावर थांबून करायच्या प्रार्थनेचा : कोणत्या विभागाने कोणतं स्थान घ्यायचं. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली ही स्थानं चौदावर कायम केली. तेव्हा वसईत पोर्तुगीज होते, चिमाजीअप्पांना यायला अजून आठ वर्षं होती, आणि पुढे एके काळी इथल्या धर्मग्रामात विभाग चौदाहून जास्त होतील हे पोपसाहेबांना कोणी कळवलं नाही. त्यामुळे दरवर्षी वाटप म्हणजे भावकीतली वाटणी होते. बारावं स्थान, येशूचं मरण, हे मानाचं. ते जुन्या विभागाकडे वहिवाटीने आहे. चौथ्या स्थानावर, जिथे येशूला आई भेटते, महिला मंडळ आणि लीजन ऑफ मेरी या दोघींचा दावा. तोड म्हणून महिला मंडळाला आठवं देऊ केलं. तिथे यरुशलेमच्या बायका रडत असतात. ‘आम्ही काय फक्त रडायला?’ असं अध्यक्षबाईंनी विचारल्यावर ते लगेच मागे घेण्यात आलं. पाचव्या स्थानी सिमोन नावाच्या वाटसरूला पकडून त्याच्या खांद्यावर क्रूस देतात. सेक्रेटरी म्हणाले, हे माझ्या नावे लिहा, मलाही या पदावर असंच आणलं आहे. राहिली तिसरं, सातवं आणि नववं. या तिन्ही ठिकाणी येशू पडतो. तीनदा पडण्यावर तीन वेगळी चिंतनं कोण लिहिणार? म्हणून ती सभेला गैरहजर राहिलेल्या विभागांच्या नावावर टाकतात. पुढच्या वर्षी ते विभाग वेळेआधी हजर असतात.

चिंतनं मात्र लोक मनापासून लिहितात, आणि इथे मी थट्टा करणार नाही. शाळेनंतर कधी चार ओळी न लिहिलेला माणूस रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून बसतो. दहाव्या स्थानी येशूची वस्त्रं काढून घेतात यावर लिहिताना तो विकलेल्या वाडीबद्दल लिहून जातो, आणि वाचताना त्याचा आवाज अडकतो. मागचे लोक गुडघ्यांवर असतात. चौदा वेळा बसायचं आणि उठायचं, त्यात प्रत्येक विभाग आपलं चिंतन दुसऱ्याच्या चिंतनापेक्षा आखूड होऊ नये याची काळजी घेतो. अकराव्या स्थानापासून जी कण्हण्याची साथ सुरू होते, ती सगळीच भक्तीची नसते.

सजावटीचं तर वेगळंच. उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात. दादरच्या बाजारात फूल पाठवणाऱ्या वसईत, जिथे प्रत्येक दुसऱ्या घरी मोगरा नाहीतर सोनचाफा आहे, तिथे ही शिक्षा जबर. वेदी सजवणाऱ्या बायका बेकार होतील अशी आमची समजूत होती. त्यांनी साधेपणा सजवायला घेतला. वाळक्या फांद्या, निवडुंग, वाळू, दगड. फांदी वाळकी हवी, पण सुंदर वाळकी हवी. तिच्यासाठी अर्धं गाव पालथं घातलं, दगड धुऊन घेतले, वाळू चाळली, आणि एवढं करून तयार झालेलं वाळवंट बघून सिस्टर म्हणाल्या, ‘जरा जास्तच छान झालंय का?’ मग ते थोडं विस्कटण्यासाठी पुन्हा एक संध्याकाळ बसावं लागलं. तिकडे गायनमंडळावर आलेलुया म्हणायला बंदी. इतके दिवस हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही म्हणजे संयमाची कसोटी. पहिल्या रविवारी शुभवर्तमानाआधी कोणीतरी ‘आ’ लावतोच. बाकीचे त्याच्याकडे असे बघतात की तो ‘आ’ जांभईत संपवतो.

हे सगळं एकट्याने, दार लावून, मत्तयच्या शब्दाप्रमाणे करता आलं असतं का? मला नाही वाटत. भिंतीला भिंत लागलेल्या आळीत कोणाकडे काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून सांगणाऱ्या माणसांत गुप्त उपवास करणं म्हणजे गुप्त लग्न करण्याइतकंच अवघड. शिवाय गुप्त उपवास मोडायलाही सोपा. सगळ्या गावाला सांगून ठेवलेला मोडायची हिंमत फक्त काकांसारख्या अभ्यासू माणसात असते.

आणि एक माझी चुलत आजी. तिचं वय ऐंशीच्या पुढे, साखर वाढलेली, नियमाप्रमाणे उपवासातून केव्हाच सुटलेली. तरी सकाळचा चहा बंद, दुपारी पेजेवर भागवणार, आणि गोळ्या रिकाम्या पोटी. डॉक्टरांनी सांगून झालं, मुलांनी सांगून झालं. शेवटी पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आलेल्या तरुण फादरांपुढे सुनेने गाऱ्हाणं घातलं. फादर तिच्या खाटेवर बसले. नियम समजावून सांगितला, तब्येत सांभाळणं हीसुद्धा देवाचीच सेवा असं सांगितलं, शेवटी धर्मगुरू म्हणून आज्ञाच करतो म्हणाले. आजीने सगळं शांतपणे ऐकलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘फादरबाबा, यंदा मी दुसऱ्याचं ऐकायचंच सोडलंय. रविवारी या. रविवारी सूट असते.’