आप्पांचं 'आपल्याकडे'

आप्पांना आयुष्यात परकी म्हणावी अशी वस्तू अजून भेटलेली नाही. दिल्लीला गेले तेव्हा छोले-भटुरे पाहून म्हणाले, "उसळ आणि फुगलेली पुरी. आपल्याकडे असतंय की!" उटीचे डोंगर पाहून म्हणाले, "आपला आंबा घाट. इथं थंडी तेवढी जास्त." यात कमी लेखण्याचा सूर अजिबात नसतो. लग्नाच्या गर्दीत लांबचा मावसभाऊ ओळखू यावा, तसा आनंद असतो.

आप्पा माझे थोरले काका. सांगलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी हयात गेली. स्टँडवर उतरलेला प्रत्येक माणूस कुणाचा ना कुणाचा तरी पाहुणा असतो, हे त्यांचं तिथलं तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर स्टँड सुटला, तत्त्वज्ञान सुटलं नाही. आणि ते तत्त्वज्ञान, एक पंचा आणि दोन किलो भडंग एवढं सामान घेऊन आप्पा गेल्या ऑक्टोबरात माझ्याकडे कोरियात, सुवॉनला आले.

सुवॉन सोलच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचं मुख्यालय इथलं, त्यामुळे गावात भारतीय इंजिनिअर पुष्कळ. गावाची जुनी ओळख मात्र ह्वासॉंग किल्ल्याची. राजा जॉंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधलेला, साडेपाच किलोमीटरांहून लांब तटाचा. त्या तटावरून आप्पा दोन तास चालले. "आपल्यासारखाच आहे," म्हणाले, "फक्त डोंगर घालायचा विसरलेत."

चालता चालता मी एक चूक केली. त्यांना राणी हो ह्वांग-ओकची गोष्ट सांगितली. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात म्हटलंय, की इ. स. ४८ मध्ये आयुता नावाच्या दूरदेशाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि इथल्या राजाची राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्या, असं पुष्कळजण मानतात. इतिहासकारांच्या शंका सांगायला मी तोंड उघडलं, तोवर आप्पांनी व्याह्यांच्या घरी आल्यासारखी टोपी नीट केली होती.

"म्हणजे हे आपल्या लेकीचं सासर," ते म्हणाले. "आता जेवायला हरकत नाही."

जेवायला आम्ही स्टेशनजवळच्या एका मॉलच्या तळघरात गेलो. कोरियातलं फूड कोर्ट हा प्रकार मला फार आवडतो. चहूबाजूंनी पंधरा-वीस गाळे, मधे टेबलांचं मैदान. प्रत्येक गाळ्यासमोर काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या. आप्पा प्रत्येक काचेला नाक लावून वास घ्यायला लागले.

"आप्पा, ते प्लास्टिकचं आहे."

"तरीच म्हटलं, फोडणीचा वास कसा येईना!"

आधी जागा धरायची होती. एका रिकाम्या टेबलावर कुणीतरी महागडा मोबाइल ठेवून गेलं होतं. इथे जागा अशीच धरतात. फोन, लॅपटॉप, पर्स, काहीही ठेवायचं आणि खुशाल रांगेत जायचं. मी हे सांगायच्या आत आप्पा त्या मोबाइलशेजारी दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. बेवारस सामानाशेजारी उभं राहायची त्यांना सवयच. पाच मिनिटांनी एक मुलगी ट्रे घेऊन आली, तेव्हा आप्पांनी मोबाइल तिच्या हातात दिला, "पोरी, असं ठेवून जायचं नसतं" असं शुद्ध मराठीत बजावलं आणि नमस्कार केला. ती गोंधळून कमरेत वाकली. हे वाकणं पाहून आप्पा खूश. "वळण आहे हो पोरीला."

मी पद्धत समजावून सांगितली, तसा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे एसटीचा रुमाल! खिडकीतून सीटवर टाकायचा तो!" त्यांनी लगेच खिशातला रुमाल काढला आणि शेजारचं टेबल धरलं. मी माझी बॅगही ठेवायला लागलो, तर म्हणाले, "कशाला? रुमालावर कुणी बसत नाही. कायदा आहे तो."

मग कियॉस्क. माणसाशी न बोलता पडद्यावर बोट ठेवून मागवायचं आणि कार्ड घालून पैसे भरायचे. आप्पांना किमती वाचता आल्या आणि ते एक पाऊल मागे सरले. "दहा हजार? भाताला?"

"वॉनमध्ये आहेत. आपले सहाशेच्या आसपास."

"सहाशेसुद्धा भातालाच ना?"

मी बिबिंबाप निवडला. गरम भातावर निरनिराळ्या भाज्या, वर अंडं आणि गोचुजांग नावाची लाल चटणी. "बिबिम म्हणजे कालवलेला, बाप म्हणजे भात," मी म्हटलं. आप्पा थबकले.

"बाप म्हणजे भात?"

"हो. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात. भेटल्यावर एकमेकांना विचारतातसुद्धा, बाप खाल्लास का?"

"आपल्याकडेही जेवलास का म्हणूनच विचारतात," आप्पा म्हणाले, "पण बापाला मधे आणत नाहीत."

या चर्चेत पडदा कंटाळला आणि पहिल्या पानावर परत गेला. पुन्हा सुरुवात. आता आप्पांच्या सूचना आल्या. भात जरा मऊ, भाज्यांत तेल कमी, आणि मोठ्या जनावराचं मांस नको. पहिल्या दोन सूचना ऐकायला पडद्याला कान नव्हते. तिसरी महत्त्वाची होती, कारण बिबिंबापवर बहुधा गाईचा खिमा असतो. मी गाळ्यावर जाऊन सांगतो म्हटलं, पण आप्पा आधीच तिथे पोचले होते. काउंटरमागे साठीच्या एक बाई, डोक्याला जाळीची टोपी, हातात उलथनं. आप्पांनी दोन्ही हातांची बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरली, मग ती शिंगं जोरजोरात नकारार्थी हलवली. बाई क्षणभर बघत राहिल्या. मग खो खो हसल्या, स्वतःच्या डोक्यावर शिंगं धरून त्यांनीही मान हलवली. करार झाला.

"त्यांना काय म्हणून हाक मारायची?" आप्पांनी विचारलं.

"इमो म्हणतात. म्हणजे मावशी. खरी नात्यातली नव्हे, पण हॉटेलातल्या बाईंना तसंच म्हणायची पद्धत आहे."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की इतकी वर्षं इथे राहून ही सर्वांत मोठी बातमी मी घरी का कळवली नाही. "मावशी! अरे, आपल्या खानावळीत दुसरं काय म्हणतो आपण?"

टेबलाकडे परतत होतो, एवढ्यात मागून चिमुकला आवाज आला. "अप्पा!"

"ओ!" आप्पा गर्रकन वळले.

चार वर्षांचं एक पोर आपल्या वडिलांच्या पायाला बिलगलं होतं. कोरियनमध्ये वडिलांना अप्पा म्हणतात, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. रविवारची दुपार होती आणि फूड कोर्ट पोराबाळांनी भरलेलं. पुढल्या दहा मिनिटांत आप्पांनी किमान सात वेळा ओ दिली. शेवटी हिशोब लावून म्हणाले, "इथं भात म्हणजे बाप, आणि बाप म्हणजे आप्पा. मग मी कोण रे? मसालेभात?"

आमचा नंबर १४२. फळ्यावर आकडा उमटतो, टिंग असा आवाज होतो आणि आपण उठून ट्रे आणायचा. आप्पांना ही व्यवस्था अपुरी वाटली. नुसतं टिंग करून गाडी सुटते का कधी? समोर एक वयस्कर आजोबा पावती हातात धरून डुलक्या घेत होते आणि फळ्यावर १३९ कधीचा लुकलुकत होता. आप्पांनी त्यांची पावती लांबूनच वाचली, उभे राहिले आणि कित्येक वर्षांचा गंजलेला आवाज बाहेर काढला: "एकशे एकोणचाळीस! एकशे एकोणचाळीसवाले प्रवासी!"

तळघर शांत झालं. आजोबा खडबडून जागे झाले, फळा पाहिला आणि तुरुतुरु ट्रे आणायला गेले. परत येताना आप्पांसमोर थांबून वाकले. आप्पांनीही कोपरापासून हात जोडले. सांगलीचा स्टँड एकदम चालू झाल्यासारखा मला भासला.

मग आमची टिंग झाली. काळ्या दगडाचं तापलेलं भांडं, त्यात चरचरणारा भात, बाजूला किमची, मुळ्याच्या पिवळ्या फोडी आणि वाटीभर सूप. "पाणी?" आप्पांनी विचारलं. मी भिंतीकडे बोट केलं. पाणी आपलं आपण आणायचं.

"पाणीसुद्धा? आपल्याकडे पोऱ्या आणतो. बोटं बुडवून आणतो, पण आणतो."

चॉपस्टिक इथे धातूच्या आणि चपट्या असतात. आप्पांनी त्यांनी मुळ्याची एक फोड उचलायचा प्रयत्न केला. फोड शेजारच्या टेबलापर्यंत जाऊन आली. मी सांगितलं, की कोरियात भात चमच्यानेच खातात. तेव्हा त्यांनी चॉपस्टिक आदराने बाजूला ठेवल्या, चमचा घेतला आणि कालवायला सुरुवात केली. कालवणं हे आप्पांचं खास अंग. तळापासून, कडेनं, मधून, भाताचा एक पांढरा ठिपकाही न ठेवता. काउंटरवरून इमो ते बघत होत्या. पर्यटक वरवर टोकरून खातात, असं त्यांनी रोज पाहिलं असणार.

"गोपाळकाला आहे," आप्पा पहिल्या घासाला म्हणाले. दुसऱ्या घासाला, "चटणी म्हणजे आपला ठेचाच, गूळ घातलेला." किमची तोंडात टाकून, "आणि हे लोणचं. अयोध्येच्या लेकीनं बरणी आणली असणार माहेराहून."

आता मात्र माझ्यातला इंजिनिअर उठला. म्हटलं, "आप्पा, तिच्या काळी किमचीत मिरची शक्यच नव्हती. मिरची मूळची अमेरिकेतली. गोव्यात पोर्तुगीजांनी आणली, आणि इथेही सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा जपानमार्गे आली असं मानतात. ना आपली, ना यांची."

आप्पा चमचा धरून विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे आजोळ एकच!" ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

मी हार मानून किमजांगची माहिती दिली. थंडी पडायच्या आधी घरचे, शेजारचे जमून हिवाळाभराची किमची घालतात. २०१३ साली युनेस्कोने ती प्रथा वारसा म्हणून यादीत घेतली. आप्पा म्हणाले, "आपल्याकडे तुझी काकू दर उन्हाळ्यात गल्ली गोळा करून गच्चीवर कुरडया घालते. तिला युनेस्कोने विचारलंय का कधी?"

भांडं तळाला आलं. दगडाच्या धगीने खालचा भात लालसर, कुरकुरीत होऊन चिकटला होता. त्याला इथे नुरुंगजी म्हणतात. आप्पांनी चमच्याच्या कडेने तो खरवडला. खर्र असा आवाज झाला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"खरवड," ते हळूच म्हणाले.

मी वाट पाहिली. 'आपल्याकडे' आलं नाही. आप्पा भांड्यात बघत होते. पाच भावंडांत भाताच्या पातेल्याची खरवड रोज कुणाच्या वाट्याला यायची यावरून भांडणं व्हायची आणि आजी ती पदराआड धरून ठेवायची, हे मी माझ्या वडिलांकडून ऐकलं होतं. कुणासाठी धरून ठेवायची, तेही ऐकलं होतं. आप्पा अशक्त होते लहानपणी.

ते खरवडत राहिले, पार दगड दिसेपर्यंत. तेवढ्यात इमो स्वतः काउंटरबाहेर आल्या, जे त्या सहसा करत नसाव्यात. हातातली किमचीची वाटी दोन्ही हातांनी आप्पांसमोर ठेवली. डोक्यावर शिंगं धरली, मान हलवली आणि हसत परत गेल्या. आप्पांनी ती वाटी संपवली. त्यांना तिखट सोसत नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी किमचीच्या नावावर खपवलं.

शेवटी ताटं परत करायची खिडकी. आप्पांनी खरकटं वेगळं, कागद वेगळा असं निगुतीनं लावून ट्रे आत सरकवला. वाकून आत पाहिलं आणि ओरडले, "इमो, येतो हं!" आतून काहीतरी उत्तर आलं. "बघ," ते म्हणाले, "या म्हणाली."

मार्चमध्ये मी सांगलीला गेलो, तेव्हा आप्पा मला त्यांच्या नेहमीच्या खानावळीत घेऊन गेले. दारातच त्यांनी टेबलावर मोबाइल ठेवला आणि हात धुवायला निघून गेले. मी धावत जाऊन तो उचलला. कांद्याच्या पातीचं धिरडं आलं, तसे कोरियन धिरड्याचं नाव घेत म्हणाले, "पाजॉन! अगदी तस्संच." लोणच्याची फोड तोंडात टाकून नाक मुरडलं, "अजून आंबायला पाहिजे होतं." भातासाठी त्यांनी लांब दांड्याचा चमचा मागितला.

जेवण झालं. आप्पा उठले, आपलं ताट उचललं आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मावशी तव्यावरची भाकरी टाकून धावल्या. चेहरा पार उतरलेला.

"आप्पा, अहो, ताट कशाला उचललंत? काही चुकलं का आमचं?"

"काही नाही मावशी," आप्पा खरकटं एका बाजूला लोटत प्रेमानं म्हणाले, "आपल्याकडे अशीच पद्धत आहे."