नाडीपरीक्षक

जेथे म्हणून चार मोटारी ओळीने उभ्या राहतात, अशा प्रत्येक सहकारी गृहरचना संस्थेत एक सेवानिवृत्त गृहस्थ हमखास आढळतो, ज्याला मोटार धावते कशी याविषयी यत्किंचितही कुतूहल नसते, परंतु ती जागच्या जागी चालू कशी राहते या एकाच प्रश्नाने ज्याचे उत्तरायुष्य व्यापलेले असते. आमच्या संस्थेत हे पद पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे तहहयात आहे. सकाळी कोणी कचेरीच्या घाईने गाडी सुरू केली की काका फाटकाशी तळहात उभारून हुकूम सोडतात, "एसी बंद कर, रेस देऊ नकोस, नुसती चालू राहू दे." मग बॉनेट उघडवून, रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे इंजिनाशी धरून, डोळे मिटून ते नाडी पाहतात. या परीक्षेपायी दोघातिघांचे हजेरीपत्रक बिघडले आहे. परंतु काकांचा सिद्धांत अढळ आहे : धावत्या गाडीचे दोष वेगाच्या गोंगाटात झाकले जातात, उभ्या गाडीला तोंड लपवायला जागा नसते. पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणीसुद्धा ती उभी असतानाच होते, याकडे ते सरकारी पुरावा म्हणून बोट दाखवतात.

काकांचे सुवर्णयुग म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचा काळ. त्या काळी आयडलिंगचा सारा कारभार कार्बोरेटरवरच्या दोन स्क्रूंच्या स्वाधीन होता. एक थ्रॉटलची झडप किंचित उघडी ठेवी, दुसरा पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवी. इंजिन पुरते तापल्यावर दुसरा स्क्रू फिरवत ते सर्वांत जलद व निर्वेध चालेल ते स्थान गाठायचे, मग पहिल्याने फेरे खाली आणायचे, पुन्हा दुसऱ्याकडे वळायचे, असा हा विधी रविवारची दुपार सहज खाई; आणि चालू इंजिनावर कडेवर उभे केलेले रुपयाचे नाणे पडले नाही, म्हणजेच काका जेवायला उठत.

पुढे कार्बोरेटर बडतर्फ झाला आणि ही सारी मुखत्यारी संगणकाकडे वर्ग झाली. थंड इंजिनाचे फेरे तो आपणहून चढवतो, पाणी तापल्याची वर्दी आली की मिनिटाला ७००-८०० पर्यंत उतरवतो, एसीचा भार पडताच हवेची वाट रुंद करून इंजिन बंद पडू देत नाही. आणि हे सारे इतक्या निमूटपणे करतो, की काकांना त्यात स्वतःविरुद्धचा कट दिसतो.

तथापि त्यांची विद्या अगदीच कालबाह्य झालेली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाची गाडी सिग्नलला उभी राहिली की फेऱ्यांचा काटा वरखाली नाचू लागे. सर्व्हिस सेंटरात संगणक जोडला, त्याच्या दप्तरी एकही गुन्हा नोंदलेला नाही असे निष्पन्न झाले, आणि तरीही सबंध थ्रॉटल बॉडी बदलण्याची शिफारस झाली. काकांनी नळी कानाला लावली, बारीक फुसफुस ऐकली, आणि इंजिनामागच्या एका जुन्या रबरी नळीची भेग चिमटीत दाबून धरताच काटा मुकाट्याने एका जागी थांबला. भेगेतून बेहिशेबी हवा आत शिरत होती. दुसरीकडची वाट आवळून संगणक ताळेबंद जुळवू पाही, जुळवता जुळवता फेरे डगमगत, परंतु तफावत मर्यादेत असल्याने तक्रार वर जात नव्हती. "खात्यात असेच चालते," एवढेच काका म्हणाले. वीतभर नळीने काम भागले. त्यानंतर महिनाभर मात्र संस्थेतल्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक व्याधीचे मूळ काकांना रबरी नळीतच सापडत होते, पंक्चर झालेल्या स्कूटरसुद्धा त्याला अपवाद नव्हत्या.

अलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विजेवर चालणारी मोटार घेतली. काका नळीसह हजर झाले व म्हणाले, "सुरू करा."

"सुरूच आहे, काका."

काकांनी बॉनेटवर कान ठेवला. नंतर नाणे उभे केले. ते इतके निश्चल उभे राहिले की काकांना तो आपला उपमर्द वाटला.

"उभी असताना हिची मोटर काहीच करत नाही," बाईंनी खुलासा केला.

"काही करत नाही, कोणाला ऐकू येत नाही, आणि तरीही चालू आहे असे धरून चालायचे," नळी गुंडाळत काका म्हणाले, "म्हणजे ही वर्ग एकची अधिकारी दिसते."