आधी जाळा, मग मोजा

बदामात किती ऊर्जा आहे हे ठरवायचं, तर शास्त्र सांगतं, तो जाळा. वाळवून दळलेला नमुना बॉम्ब कॅलरीमीटर नावाच्या पोलादी डब्यात ठेवायचा, दाबाखाली ऑक्सिजन भरायचा, तारेतून वीज सोडून पेटवायचा आणि भोवतालचं पाणी किती अंशांनी तापलं ते बघायचं. आपल्या पोटात अशी भट्टी नसते, एवढी किरकोळ बाब सोडली तर पद्धत निर्दोष!

ती बाब अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिशेबात धरली. खाल्लेलं तर जाळून मोजलंच, बाहेर पडलेलंही मोजलं. (संशोधनाला पोट घट्ट लागतं.) त्यातून सरासरी निघाली: ग्रॅममागे प्रथिनं ४ कॅलरी, कर्बोदकं ४, स्निग्ध पदार्थ ९. पाकिटामागचा आकडा आजही बहुधा याच गुणाकारातून येतो.

२०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना खरोखरच बदाम चारले. २८ ग्रॅममागे हिशेबाप्रमाणे सुमारे १७० कॅलरी. अंगी लागल्या १२९. उरलेल्या नीट न चावलेल्या कणांसोबत परस्पर पसार.

तेव्हा मोबाइलमध्ये ‘पोहे, एक वाटी, २०६.४’ अशी नोंद करणाऱ्यांनो, निदान तो दशांश तरी खोडा.